कोरी चकती

१

इस्पितळाच्या तळमजल्यावर, धुलाईघर आणि मागच्या जिन्याच्या मधे, जंतूंची प्रयोगशाळा होती. तिथे बावीस वर्षं काम केलेल्या बाईंना सगळे मोजणीबाई म्हणत. बाईंना त्याचं वाईट वाटत नसे. अर्ध्या मिलिमीटरवरून त्या भल्याभल्या डॉक्टरांशी हुज्जत घालत आणि बहुतेक वेळा जिंकत. "आमची ताई चहात साखरसुद्धा पट्टी लावून घालते," असं त्यांची धाकटी बहीण चारचौघांत सांगायची. बाई वरवर डोळे वटारायच्या आणि आतून खूश व्हायच्या.

काम तसं साधं. पेशंटच्या शरीरातून आलेले जंतू एका गोल, चपट्या प्लेटमधल्या जेलीसारख्या थरावर सारवायचे. त्यावर औषधात भिजवलेल्या, शर्टाच्या बटणाएवढ्या कागदी चकत्या ठेवायच्या. प्लेट रात्रभर उबदार कपाटात राहते. सकाळपर्यंत जंतूंची राखाडी साय धरते, आणि औषध लागू पडत असेल तर चकतीभोवतीचे जंतू मरून स्वच्छ गोल वलय उरतं. ते मोजायचं आणि आकडा सांगायचा. प्रत्येक प्लेटवर एक चकती मात्र कोरी असायची, औषध नसलेल्या साध्या कागदाची. तिच्याभोवती काही होता कामा नये. झालंच तर प्लेटमध्ये घोळ आहे असं समजून ती फेकून द्यायची आणि पहिल्यापासून सुरुवात करायची.

वाचायची पद्धतही ठरलेली होती. एकानं बघायचं, दुसऱ्यानं लिहायचं. लिहिणारा प्लेटकडे बघत नाही, बघणारा वहीकडे बघत नाही. लिहायला भाऊ असत. निवृत्तीला आठ महिने उरलेले, कानावर कायम पेन्सिल, आणि पेन्सिल हरवली म्हणून कायम शोधाशोध. "पहिली सहा, दुसरी अठरा, कोरी शून्य," बाई म्हणत, आणि भाऊ लिहीत. कोरी शून्य हे शब्द बाईंच्या तोंडात इतके बसले होते की भाऊ म्हणायचे, "बाई, तुम्हाला झोपेत कुणी हाक मारली तरी तुम्ही कोरी शून्य असंच म्हणाल."

२

धाकटी अकरा दिवस वरच्या मजल्यावर, अतिदक्षता विभागात होती. पोटाचं ऑपरेशन बरं झालं, पण जखमेतून इस्पितळातलेच जंतू शिरले. हे जंतू कुठल्याच औषधाला दाद देत नव्हते. एकेक करून सगळी औषधं हरली, तेव्हा प्रयोगशाळेनं जोड्या लावून बघायला घेतल्या. एकेकटी निकामी ठरलेली दोन औषधं जवळजवळ ठेवली तर कधी कधी त्यांच्यामधली जागा स्वच्छ होते. अशा एकोणीस जोड्या लावून झाल्या होत्या. एकोणीसही वाया गेल्या.

नात्यातल्या माणसाची प्लेट आपण हाताळायची नाही असा प्रयोगशाळेचा नियम होता. आपल्याला जे हवं असतं तेच डोळे बघतात, म्हणून. त्या एकोणीस प्लेटा भाऊंनी लावल्या होत्या आणि विभागप्रमुख मॅडमनी वाचल्या होत्या. विसाव्या वेळी भाऊंची दाढ ठणकायला लागली आणि ते दाताच्या डॉक्टरकडे गेले. बाईंनी इकडे तिकडे बघितलं आणि प्लेट स्वतःच लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम मीटिंगमध्ये अडकल्या होत्या. बाईंनी वाचायलाही घेतली.

भाऊ गालावर हात ठेवून वही उघडून बसले.

"डावी शून्य," बाई म्हणाल्या. "उजवी शून्य. मधे..."

त्या प्लेटवर आणखी वाकल्या. दोन चकत्यांच्या मधली साय नाहीशी झाली होती. खालची जेली लख्ख दिसत होती.

"मधे काय, बाई?"

"बारा. भाऊ, मधे बारा!"

भाऊंनी नियम मोडून मान वर केली. दाढ दुखत असतानाही ते हसले. बाईंच्या डोळ्यांना धार लागली आणि नेहमीच्या सवयीनं त्या पुढचं बोलून गेल्या, "कोरी शून्य."

भाऊंची पेन्सिल कागदावरून सरकली. मग बाईंनी कोऱ्या चकतीकडे पाहिलं. तिच्याभोवती कंपासनं काढल्यासारखं गोल, स्वच्छ वलय होतं.

३

त्यांनी पट्टी लावली. अकरा मिलिमीटर.

थांबा भाऊ, खोडा, असं म्हणायला किती वेळ लागतो? पण खोडलं म्हणजे प्लेट फुकट. नवी लावायची, पुन्हा एक दिवस थांबायचं. आणि वरच्या डॉक्टरांनी सकाळीच फोनवर सांगितलं होतं, "दुपारपर्यंत काहीतरी नाव द्या. उद्या दिलंत तर मला त्याचा उपयोग नाही." उपयोग नाही म्हणजे काय हे बाईंना कुणी समजावून सांगायला नको होतं.

शेजारच्या चकतीचं औषध ओघळलं असेल, बाईंनी मनाची समजूत घातली. चिमटा नीट पुसला गेला नसेल. काल माझे हात थरथरतच होते. बावीस वर्षांत एखादा थेंब इकडचा तिकडे व्हायचाच.

मॅडम आल्या. गळ्यात दोरीनं लटकवलेलं भिंग सावरत त्यांनी वही वाचली. "प्लेट बघू?"

"बघितली मी नीट," बाई म्हणाल्या. त्यांचा तळवा झाकणावर होता.

मॅडमनी त्या तळव्याकडे एकदा पाहिलं आणि सही केली. कोण मोजणीबाईंच्या आकड्यावर शंका घेणार? सव्वाबारा वाजता धाकटीच्या शिरेतून जोडी सुरू झाली. इतके दिवस काचेबाहेरून बघायची परवानगी होती, त्या दुपारी पहिल्यांदाच बाईंना आत सोडलं. त्यांनी तिचा तापलेला हात हातात घेतला तो सहा वाजेपर्यंत सोडला नाही. आई गेली तेव्हा धाकटी सहा वर्षांची होती आणि बाई सतरा वर्षांच्या. तेव्हापासून वेणी घालणं, औषध पाजणं, परीक्षेला सोडायला जाणं, सगळं बाईंनीच केलेलं. त्या हातातला ताप त्यांना थर्मामीटरशिवाय कळत होता. सहाच्या सुमाराला तो उतरला.

"ताई," धाकटीनं डोळे उघडले, "तू जेवलीस का?"

बाईंना रडू आवरेना.

४

ती प्लेट फेकायला हवी होती. बाईंनी ती फ्रीजमध्ये, इतर प्लेटांच्या चळतीत मधोमध ठेवून दिली होती. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तिसऱ्या दिवशी भाऊ बाहेर गेल्यावर त्यांनी ती काढली आणि कोऱ्या चकतीला पट्टी लावली.

सतरा.

एकदा पडलेलं वलय वाढत नाही. थंडीत तर जंतू वाढत नाहीत आणि त्यांना कुणी मारतही नाही, सगळं आहे तिथे थांबतं. बाईंनी पट्टी पुसून पुन्हा लावली, मग चष्मा पुसून पुन्हा मोजलं. फ्रीजची घरघर एकदम बंद झाली आणि खोलीत इतकी शांतता पसरली की पलीकडच्या धुलाईघरातला नळ गळताना ऐकू आला. मग बाईंचं लक्ष चळतीतल्या वरच्या प्लेटकडे गेलं. ती वेगळ्याच पेशंटची होती. तिच्या सायीत बरोबर त्याच जागी एक गोल टक्कल पडलं होतं. तिथे चकती नव्हती, काहीच नव्हतं. खालच्या प्लेटवरही तसंच. तिच्या खालचीवर जरा लहान.

प्लास्टिकचं झाकण, प्लास्टिकचा तळ. मधून वारासुद्धा जात नाही.

बाईंनी अख्खी चळत जंतू मारायच्या वाफेच्या टाकीत घातली, झाकण आवळलं आणि बटण दाबलं. एक जुनी चळत खराब झाली होती, टाकून दिली, असं त्यांनी भाऊंना सांगितलं. भाऊ "बरं" म्हणाले आणि पेन्सिल शोधायला लागले.

५

पाचव्या दिवशी धाकटीला साध्या वॉर्डात हलवलं. लांबच लांब खोली, दोन्ही बाजूंना पलंग, तिचा अकरावा. बाई चार ते सहा तिच्यापाशी बसत. दहाव्या पलंगावर पाय मोडलेल्या शिक्षिका होत्या. त्या धाकटीला शब्दकोडं सोडवायला मदत करायच्या आणि उत्तर आलं नाही तर कोडं काढणाऱ्यालाच मूर्ख ठरवायच्या. बाराव्यावरची बाई दिवसभर फोनवर सुनेची गाऱ्हाणी सांगायची, आणि सून डबा घेऊन आली की तिची तोंडभर स्तुती करायची.

सहाव्या दिवशी दहावा पलंग रिकामा होता. गादी गुंडाळून ठेवलेली.

"घरी गेल्या का?" बाईंनी विचारलं.

वॉर्डच्या नर्सनं नकारार्थी मान हलवली. "काल संध्याकाळी गेल्या हो. हृदय अचानक बंद पडलं. पायाच्या दुखण्यात असं होतं कधी कधी."

सातव्या दिवशी बारावा. रक्ताची गाठ म्हणाले. आठव्या दिवशी नववा आणि तेरावा, एकीचं वय झालं होतं, दुसरीची किडनी आधीपासूनच खराब. प्रत्येकाला कारण होतं, आणि प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं. नर्सच तेवढी सलाईन बदलताना म्हणाली, "अकरा नंबरपाशी उभं राहिलं की माझे हात बधिर होतात बाई. बीपी तपासून घेतलं पाहिजे."

"काय शांत आहे ना ग आता?" धाकटी उशीला टेकून म्हणाली. तिच्या गालावर रंग आला होता. बिस्किटांचा अख्खा पुडा तिनं एका बैठकीत संपवला होता आणि चुरा सगळ्या जमिनीवर सांडला होता. "मला बोलायला कुणी नाही, एवढंच वाईट."

चुऱ्याच्या वासानं मुंग्या आल्या होत्या. भिंतीच्या कडेनं त्यांची रांग सरळ येत होती आणि पलंगापासून चार फरशांवर पोचल्यावर वळत होती. चुरा पुढेच होता, तरी वळत होती. पलंगाला वळसा घालून ती गोल कमान करून पलीकडे निघून जात होती. कमानीच्या आतल्या फरशीवर सात-आठ मुंग्या पाय आखडून पडल्या होत्या.

बाई तिथे पलंगाला टेकून, कमानीच्या आत, दोन तास बसल्या होत्या. धाकटीही त्याच कमानीत होती. दोघींना काहीसुद्धा झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी रांग पाचव्या फरशीवर वळत होती.

६

"आरशात तोंड बघितलंत का?" मॅडम म्हणाल्या. "उद्या घरी राहा. इकडे फिरकायचं नाही आणि वॉर्डातही जायचं नाही. हुकूम समजा."

बाईंनी ऐकलं. खरं तर त्यांना सुटल्यासारखंच वाटलं. त्या दिवसभर पडून राहिल्या, मुंग्या का वळतात याची कारणं शोधत. जमिनीवर जंतुनाशक टाकतात, त्याचा वास असेल. फरशीला उतार असेल. माझं डोकं फिरलं असेल, हेही एक कारण झालंच. ते असतं तर किती बरं झालं असतं!

त्यानंतरच्या सकाळी त्या प्रयोगशाळेत आल्या तेव्हा भाऊ उभेच होते.

"बाई, काल मॅडमनी तुमच्या बहिणीची प्लेट परत लावायला सांगितली होती. पेशंट बरा झाला, अहवालाला दुसरी प्लेट जोडायची म्हणून. तीच जोडी, तेच जंतू." त्यांनी आवाज खाली आणला. "मधे काही नाही हो. साय सलग धरलीय. औषधाचा काडीचा उपयोग होत नाहीये."

"आणि कोरी?"

"शून्य. बघून सांगतोय."

बघून या शब्दावर त्यांनी जोर दिला नव्हता, तरी बाईंनी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

"मॅडमना अजून बोललो नाही. आधी तुमच्या कानावर घालावं म्हटलं. काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा." भाऊ प्लेट टेबलावर ठेवून बाहेर गेले. भला माणूस होता, बाईंना एकटं सोडावं एवढं त्याला कळत होतं.

बाईंनी प्लेट दोन्ही हातांत घेतली. राखाडी साय काठापासून काठापर्यंत अखंड होती. औषध नाही, तर मग धाकटीचा ताप कशानं उतरला? ही प्लेट आणि ती प्लेट, फरक काय होता? जंतू तेच. चकत्या त्याच डबीतल्या. ही भाऊंनी लावली होती आणि ती...

कोऱ्या चकतीच्या कडेला काहीतरी हललं.

आधी वाटलं, डोळ्यांत पाणी आलं म्हणून. मग बाईंनी श्वास रोखून धरला. चकतीभोवतीची साय विरळ होत होती. धूसर आरसा निवळावा तशी ती कागदापासून मागे सरत होती, सगळ्या बाजूंनी सारखी, घाई न करता, आणि बाईंच्या अंगठ्यांच्या दिशेनं येत होती. त्यांनी प्लेट खाली ठेवली आणि हात पाठीमागे नेले. सरकणं थांबलं.

फोन वाजला. वॉर्डची नर्स होती.

"अहो, बहिणीला काल संध्याकाळपासून पुन्हा ताप आहे, एकशे चार. डॉक्टर म्हणतात, औषध तर चालूच आहे, मग असं कसं? सारखी तुमचं नाव घेतेय. या लवकर."

"सिस्टर," बाईंनी विचारलं, "काल वॉर्डात कुणी... कुणी गेलं का?"

"काल? नाही बाई. काल कसं कोण जाणे, सगळं ठीक होतं."

डावी शून्य. उजवी शून्य. मधे बारा. बाईंनी फोन ठेवला तेव्हा त्यांचे ओठ आपोआप हलत होते.

७

वॉर्डच्या दारात त्या थबकल्या. मुंग्यांची रांग पलंगाखालून, बिस्किटांच्या चुऱ्यावरून आरपार सरळ जात होती.

आजूबाजूचे पलंग रिकामेच होते, फक्त बाराव्यावर आदल्या दिवशी कुणी आजी आल्या होत्या. मांडीवर लोकरीचा गुंडा, हातात दोन सुया. टक, टक, टक, सुयांचा आवाज दारापर्यंत येत होता.

"सिस्टर, त्या आजींना दुसरीकडे हलवता येईल का?"

"कुठे हलवू? पलीकडची रांग पूर्ण भरलीय, मधले हे पलंग आजच धुवायला काढलेत." नर्सनं वर पाहिलं. "का हो? काही त्रास आहे का त्यांचा?"

सगळं बाईंच्या ओठांवर आलं. चकती, चळत, मुंग्या, दोन्ही हात. कुठून सुरुवात करायची? आणि केली, तिनं खरं मानलं, तर पुढे काय? मग मोजणीबाईंना दारातूनच परत पाठवतील, आणि संध्याकाळपर्यंत अकरावी गादीही गुंडाळून ठेवतील.

"त्रास नाही," बाई म्हणाल्या. "सहज विचारलं."

"या, या," आजी लांबूनच म्हणाल्या. "तुम्हीच का ताई? काल तुमचाच धावा चालला होता बिचारीचा. मी आपली नातीची टोपी विणतेय. डोकं केवढं ते माहीत नाही, मुलगा फोनवर म्हणतो, तुझ्याएवढं हट्टी आहे. आता हट्टाला काय माप लावायचं?"

"आजी, तुम्ही जरा गॅलरीत बसता का? हवा छान आहे बाहेर."

"पायात जीव असता तर इथे कशाला आले असते?" आजी हसल्या.

धाकटीचे ओठ फुटले होते. डोळे अर्धवट उघडे, नजर दाराकडे. "ताई," ती पुटपुटली, "काल का नाही आलीस? तू नाही आलीस तर मी मरून जाईन हं." सहा वर्षांची असताना, शाळेच्या फाटकापाशी, ती अगदी असंच म्हणायची. तेव्हा बाई मागे वळून तिच्याकडे परत जायच्या.

पलंगापर्यंत नऊ फरशा होत्या. बाईंनी त्या मोजल्या, त्याशिवाय त्यांना चालता आलं नसतं. पाचव्या फरशीवर त्या थांबल्या. मग उरलेल्या चार ओलांडल्या, आजींकडे पाठ होईल अशी खुर्ची फिरवून घेतली आणि बसल्या. धाकटीचा हात भाजत होता. त्यांनी तो दोन्ही हातांत घट्ट धरला.

टक, टक, टक. मागे सुया चालू होत्या. आजी मधूनच स्वतःशी टाके मोजत होत्या.

धाकटीच्या कपाळावर घामाचे थेंब आले. श्वास जरा लांब झाला. खाली फरशीवर मुंग्यांच्या रांगेत गडबड उडाली, पुढच्या मागे फिरल्या, मागच्या बाजूला सरल्या. बाईंनी नजर बहिणीच्या चेहऱ्यावरून हलू दिली नाही. टक, टक. मग बऱ्याच वेळानं टक. बाई ते अंतर मोजत होत्या, सेकंदात. चार. सात. अकरा. लोकरीचा गुंडा कुठेतरी खाली पडून घरंगळत गेला आणि त्यांच्या खुर्चीच्या पायाला येऊन लागला.

"बरं वाटतंय ग," धाकटी म्हणाली. हात थंड, मऊ पडला होता. तिनं डोळे मिटले आणि ती लहानपणी झोपायची तशी, ताईचा अंगठा मुठीत धरून झोपली.

नर्स दारात येऊन उभी राहिली. एका हातात वही, दुसऱ्यात पेन, तापाची नोंद करायला आलेली. ती आत आली नाही, दारातूनच हळू आवाजात तिनं विचारलं, "उतरला का ताप?"

"उतरला."

"आणि बारा नंबर? झोपल्या का आजी?"

बाईंनी मागे वळून पाहिलं नाही.

"हो," त्या म्हणाल्या, "झोपल्या."

नर्सनं वहीत तसं लिहून घेतलं.